रिव्हर्स सोडून बाकी सगळं

माझे साडभाऊ, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगतात. पंगत बसली, पहिला वाढा झाला की ते घसा साफ करतात आणि मला कळतं, आता माझी गाडी गल्लीत घुसणार. त्यांच्या गोष्टीत मी रडतो. त्यांच्या गोष्टीत नागपूरच्या महाल भागातली अर्धी वस्ती जमा होते आणि ते एका हाताने गाडी उचलून बाहेर काढतात. मी रडलो नव्हतो. माणसंही दहा-बाराच होती. ते सांगतात म्हणून आता मलाही सांगावं लागतं आहे.

सुरुवात गाडीपासून नाही, रुखवतापासून करावी लागेल. कन्हानला सासरच्या नात्यात लग्न होतं. साडभाऊ तिथल्या खाणीच्या ऑफिसात नोकरीला, आणि अख्ख्या गोतावळ्यात तेव्हा चारचाकी फक्त त्यांच्याकडे. नवरीच्या घरून हॉलवर जायचं होतं. मी नवीन सफारी घातलेली, बायको शालूत. मी गाडीचं दार उघडलं तर ते म्हणाले, "भाऊ, जागा नाही जी. रुखवत ठेवाचं आहे. तुम्ही टेम्पोनं या ना." मागच्या सीटवर लाडवांची ताटं, करंज्यांचा मोर आणि रव्याचं तुळशीवृंदावन बसलं. आम्ही दोघं टेम्पोत, गंजांच्या आणि कढयांच्या मध्ये उभे राहून गेलो. हॉलच्या दारात उतरलो तेव्हा माझ्या सफारीला मागून काजळी लागलेली होती, आणि हे मला जेवण झाल्यावर कळलं. साडभाऊंना ते आता आठवतही नाही. मी विसरलेलो नाही.

मी सीताबर्डीच्या फुटपाथवर मोजे-रुमाल विकण्यापासून सुरुवात केली. आज तिथेच माझं चादरी-पडद्यांचं दुकान आहे. मला कोणी काही शिकवलेलं नाही. कापड शिकलो ते बोटांनी, गिऱ्हाईक शिकलो ते डोळ्यांनी. त्यामुळे कुठलीही विद्या म्हणजे चार दिवस डोळे उघडे ठेवले की येते, असं मी मानून चाललो होतो. गाडी घ्यायची ठरवली तेव्हाही तसंच मानलं. छोटी, जुनी, पांढरी गाडी घेतली. लायसन आधीपासून होतं. तरुणपणी स्कूटरचं काढताना एजंट म्हणाला होता की सोबत चारचाकीचंही होऊन जाईल. एका फेरीत दोन कामं होत होती, मी कशाला सोडतो?

राहिलं शिकणं. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर पन्नाशीचे, तोंडात सुपारी, बोलायला गोड. त्यांनी काय काय शिकवणार ते बोटांवर सांगितलं. मी त्यांचं बोलणं मध्येच तोडलं.

"मास्तर, मले घरून दुकानात जायचं आहे आन् दुकानातून घरी. घराच्या समोर मैदान आहे, तिथं गोल फिरवली की झालं. दुकानाच्या मागं एका फाटकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. मले रिव्हर्स काहून पाहिजे?"

"लागते शेठ. कधी ना कधी लागतेच."

"मी फुटपाथवरून वर आलो, मास्तर. मागं जायची मले सवयच नाही. रिव्हर्स काढा, पार्किंग काढा, आन् तेवढे पैसे कमी करा."

मास्तरांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली, पोराला चहा आणायला सांगितलं आणि म्हणाले, "बरं. तुमची मर्जी."

एवढंच. घासाघीस नाही, रुसणं नाही. मी खूश होऊन बाहेर पडलो. अख्खं आयुष्य भाव करण्यात घालवलेल्या माणसाने तिथेच ओळखायला हवं होतं. विकणारा भांडल्याशिवाय भाव कमी करतो तेव्हा तो त्याच्याकडचं काहीतरी आपल्याला न देता ठेवून घेत असतो. मी स्वतः हेच करतो. आणि या बाबतीत माझा राग अजूनही मास्तरांवर आहे. चांगल्या माणसाने माझ्याशी भांडायला हवं होतं.

बाकी मी लवकर शिकलो, हे कोणीही कबूल करेल. पहिल्या आठवड्यात गाडी बंद पडायची थांबली. दुसऱ्या आठवड्यात मी एका हाताने स्टेअरिंग धरून बोलू लागलो. तिसऱ्यात मास्तरांना सांगू लागलो की त्यांनी गिअर कधी बदलायला हवा. ते हसायचे. शिकणं संपलं त्याच आठवड्यात मी बायकोला म्हणालो, "तुझ्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन आहे ना? साडभाऊंना कन्हानहून यायला सांगू नको. मी नेतो."

सासूबाई त्यासाठी आमच्याकडे सक्करदऱ्याला येऊन राहिल्या होत्या. मोतीबिंदू पिकलेला. एक डोळा आधीच कामातून गेलेला होता, त्यामुळे हा एकच होता. धंतोलीच्या डॉक्टरांनी सकाळची वेळ दिली होती आणि बजावलं होतं की ते दुपारी बाहेरगावी जाणार, परत येणार पंधरा दिवसांनी. घरून निघायच्या आधी डोळ्यात थेंब घालायचे, बाहुली मोठी व्हायला. साडभाऊंनी फोन केला, "मी येतो ना, भाऊ. गाडी आहे." मी म्हणालो, "गाडी आमच्याकडेही आहे." फोन ठेवल्यावर मला जे वाटलं ते कुठल्याही सौद्यात वाटलं नव्हतं.

एप्रिल होता. सकाळीच ऊन तापलेलं. सासूबाई मागे बसल्या, मांडीवर थेंबांची बाटली आणि रिपोर्टची पिशवी. थेंब घातल्यामुळे त्यांना समोर सगळं पांढरं दिसत होतं. बायको माझ्या शेजारी. मोठ्या रस्त्यावर आलो तर सिमेंटचा रस्ता करायला अर्धा खोदून ठेवलेला, आणि उरलेल्या अर्ध्यात ट्रक आडवा. समोर नुसते हॉर्न.

"थांबू थोडं," बायको म्हणाली.

"थांबायचं कशाला? या सगळ्या गल्ल्या मी सायकलवर चादरींचा गठ्ठा बांधून फिरलो आहे."

आणि मी महालाच्या बाजूने आत वळलो. मी खोटं बोललो नव्हतो. गल्ल्या मला पाठ होत्या. फक्त सायकलला पाठ होत्या.

पहिली गल्ली सुटली. दुसरीही. तिसरी मात्र माझ्या आठवणीपेक्षा अरुंद निघाली. कोणी जिना बाहेर काढलेला, कोणी ओटा वाढवलेला, एका ठिकाणी विजेचा खांब. मी आरसे आत दुमडून घेतले आणि पुढे गेलो. शेवटी एका नव्या घराचा ओटा असा पुढे आलेला होता की पलीकडे सायकलच गेली असती. त्या ओट्याच्या आधी, गल्लीच्या मधोमध, एका बाजेवर कुरड्या वाळत घातलेल्या. बाजेजवळ बसलेल्या बाईंनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठी चालले भाऊ?"

"धंतोलीले."

"इकडून?" त्या म्हणाल्या. "इकडून तं गॅसवाला बी नाही येत. माझ्या कुरड्याले धक्का लावू नका बरं."

इथपर्यंत काही बिघडलेलं नव्हतं. चाकं सरळ ठेवून सरळ मागे गेलो असतो तर सुटलो असतो. पण मी कुठेतरी ऐकलं होतं की मागे जाताना स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं. कशाच्या उलटं, ते ऐकलं नव्हतं. मी आत्मविश्वासाने गरगर फिरवलं आणि ॲक्सिलेटर दिला. मागून खर्र असा आवाज आला. मी घाईने पुढे घेतली, परत उलटं फिरवलं, परत मागे. आता गाडीचा मागचा कोपरा भिंतीला आणि पुढचा खांबाला. गाडी गल्लीत तिरपी अडकली. बायकोने दार उघडून पाहिलं, ते चार बोटं उघडलं आणि ओट्याला लागलं. माझ्या बाजूचं तेवढंही नाही.

"आता?" बायको म्हणाली.

"आता काय? निघते. जुन्या गाडीचं असंच असते."

मी परत प्रयत्न केला. क्लचचा जळका वास सुटला. इंजिन बंद पडलं, चालू केलं, परत पडलं. एसी बंद. काच खाली घेतली तर बाहेरून तापलेल्या भिंतीची झळ आत. वरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. मागून दोन मोटारसायकली येऊन थांबल्या आणि त्यावरचे लोक खाली उतरले.

"काका, स्टेअरिंग डावीकडं काटा!"

"अबे डावीकडं कुठं, उजवीकडं!"

"काका, गाडी नवी शिकले काय?"

"तू आपलं काम कर ना बे!" मी ओरडलो. खिडकीतून अर्धाच आवाज गेला. कोंडलेल्या माणसाच्या ओरडण्यात काही वजन राहत नाही, हे मला तेव्हा कळलं. दुकानात मी आवाज चढवला की समोरचा एक पाऊल मागे सरकतो. इथे सगळे हसत पुढे सरकले.

एक सडपातळ माणूस, ऑटो चालवणारा असावा, खाकी शर्टात, मागून म्हणाला, "काका, डिक्की उघडा. मी आतून येतो, तुम्ही बाजूले सरका, दोन मिनिटांत काढून देतो."

मला अजूनही तो प्रसंग स्वच्छ आठवतो. डिक्कीतून एक परका माणूस माझ्या सासूबाईंच्या डोक्यावरून पाय टाकत पुढे येणार, मी बायकोच्या मांडीवर सरकणार, आणि माझी गाडी तो काढणार. मी म्हणालो, "गरज नाही. मले येते."

तो मग खांदे उडवून निघून गेला.

ऊन डोक्यावर चढत होतं. सासूबाई पदराने वारा घेत होत्या. कुरड्यांवाल्या बाईंनी खिडकीच्या फटीतून पाण्याचा गडू आत दिला. बायकोने आधी आईला पाजलं, मग स्वतः प्यायली, आणि उरलेला मला न देता परत केला. त्यानंतर तिने फोन काढला. मी विचारलं, "कोणाले लावून राहिली?" पलीकडून साडभाऊंचा आवाज मला चांगला ऐकू आला. ते नागपुरातच होते. दवाखान्याच्या दारात. आमची वाट पाहत होते.

"कशाले आले ते?" मी म्हणालो.

"आईचा एकच डोळा आहे म्हणून," बायको म्हणाली. "तुमचा काय भरवसा, म्हणाले."

मला इतका राग आला की मी स्टेअरिंगवर हात आपटला आणि हॉर्न वाजला. बाजेवरून चिमण्या उडाल्या.

पुढे कुरड्या, मागे लोक, दोन्ही बाजूंना भिंती. हातावरचा घाम वाळून चिकट झालेला. बसल्या बसल्या मला माझं एक गिऱ्हाईक आठवलं, का ते सांगता येणार नाही. ज्याला कापडातलं काही कळत नाही तो आल्या आल्या विचारतो, 'भाऊ, चांगलं कोणतं?' त्याला मी सहसा फसवत नाही. फसवायला मजा येत नाही. ज्याला खरंच कळतं तो गप्प बसून कापड उलटून पाहतो, त्याला फसवता येत नाही. पण एक जण असा होता की त्याने चादरीच्या काठाचा धागा ओढला, काडी लावून जाळला, वास घेतला आणि चार लोकांत म्हणाला, 'प्युअर कॉटन. मले कळते.' धागा काठाचा होता. काठ सुती होता. चादर नव्हती. मी म्हणालो, 'साहेब, तुम्हाले काय सांगायचं आम्ही!' आणि माझ्या मनाला येईल त्या भावाला ती चादर दिली. असली माणसं दुकानात शिरली की मी चहा मागवतो. माझ्या दुकानाचा वरचा मजला त्यांच्यावर उभा आहे.

मास्तरांनी सुपारी गालातून गालात नेली होती, ती का, ते मला त्या गल्लीत उमगलं. त्यांनी माझ्यासाठी चहाही मागवला होता.

"जावईबापू," मागून सासूबाई म्हणाल्या.

"जी."

"मले तं थेंबानं काहीच दिसून नाही राहिलं. नुसतं पांढरं पांढरं. तुमाले दिसून राहिलं काय मागचं?"

मी वळून पाहिलं. मागच्या काचेवर धूळ, त्यापलीकडे माणसांची पोटं. गाडीचा कोपरा भिंतीला नेमका कुठे टेकला आहे, चाकं कुठल्या बाजूला वळलेली आहेत, यातलं मला काहीच कळत नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"मंग विचारा ना कोणाले."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. नसलेला टोमणा मला असलेल्यापेक्षा जास्त लागला, पण त्यावर भांडायला काही धरायला नव्हतं.

तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. "सरका, सरका जी. पाहुणे आहेत आमचे." साडभाऊ आले होते. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून चालत. धाप लागलेली, कपाळावर रुमाल. त्यांनी गाडीभोवती, जिथवर जाता येत होतं तिथवर, एक चक्कर मारली. डिक्कीतून आत येणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांचं पोटच आधी अडकलं असतं, आणि हे ते गोष्टीत सांगत नाहीत. ते गाडीच्या मागूनच माझ्या मागच्या खिडकीकडे वाकले.

"काय झालं, भाऊ?"

माझ्याकडे तीन-चार उत्तरं तयार होती. जुनी गाडी, खराब क्लच, लोकांनी वाढवलेले ओटे. डॉक्टर दुपारी जाणार होते. सासूबाई मांडीवरची थेंबांची बाटली पुन्हापुन्हा चाचपून पाहत होत्या.

"मले मागं घेता येत नाही," मी म्हणालो. "शिकलोच नाही. कसं घेऊ, सांगा."

वरच्या खिडकीतून कोणीतरी खदखदून हसलं. बायको माझ्याकडे पाहू लागली. साडभाऊ मात्र तेव्हा हसले नाहीत. हे मी लिहितो आहे, कारण ते खरं आहे. हसले ते नंतर, आणि अजून थांबलेले नाहीत.

"पहिले मागं घ्यायचंच नाही," ते म्हणाले. "पहिले पुढं. बाई, ती बाज उचला बरं जरा."

"अवं माय! आता पुढं बी?" बाई म्हणाल्या, पण दोन पोरींनी मिळून बाज उचलली.

"चाक सरळ करा. मी दिसून राहिलो काय आरशात? आरसा उघडा खिडकीतून हात घालून. हां. आता क्लच सोडू नका एकदम. पुढं... पुढं... बस! आता हात खांबाकडं फिरवा. तिकडं नाही! खांबाकडं. या. या. येऊ द्या. येऊ द्या. बस म्हटलं ना!"

मी आयुष्यात कोणाचं इतकं ऐकलेलं नाही. ते या म्हणाले की आलो, बस म्हणाले की थांबलो. वीतभर पुढे, दोन वीत मागे, परत वीतभर पुढे. भिंतीचा चुना दाराला घासत गेला तो आवाज दातांत जाणवत होता. गाडी सरळ झाली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग अख्खी गल्ली, तीन घरं, जिना, पिठाची गिरणी, मी उलटा मागे आलो. आरशात पूर्ण वेळ साडभाऊंचं पोट आणि त्यांचा हलणारा हात. दुसरं काही पाहायची माझी हिंमत नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी दार उघडलं. सासूबाईंना दोघांनी धरून साडभाऊंच्या गाडीत बसवलं. बायको बसली. मी माझ्या गाडीजवळ उभा राहिलो. तिचे दोन्ही कुशीचे पत्रे चेपलेले.

"बसा ना," साडभाऊ म्हणाले. "समोर जागा आहे."

रुखवत ज्या सीटवर बसलं होतं ती मागची. मला पुढची मिळाली. मी बसलो. सांगायचं तर ती सीट काही इतकी खास नव्हती. स्प्रिंग टोचत होती.

डॉक्टर निघायच्या तयारीत होते. कंपाउंडरने घड्याळ दाखवलं, साडभाऊंनी हात जोडले, मी आवाज चढवणार होतो पण बायकोने माझा दंड धरला. शेवटचा नंबर म्हणून सासूबाईंना आत घेतलं. आम्ही बाकावर बसून राहिलो. एकदा साडभाऊंनी खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढून मध्ये ठेवली.

ऑपरेशन चांगलं झालं. मी दुसऱ्याच दिवशी मास्तरांकडे गेलो. त्यांनी मला पाहिलं, गाडीचे पत्रे पाहिले, आणि खुर्ची पुढे केली. चहा मागवू लागले तेव्हा मी म्हणालो, "चहा नको." रिव्हर्सचे पैसे त्यांनी सांगितले तेवढे दिले. पार्किंग मात्र फुकटात शिकवायला लावली. त्यासाठी अर्धा तास भांडलो, आणि या वेळी तेही भांडले. तेव्हा मला बरं वाटलं.

पट्टी निघाल्यावर सासूबाई काळा चष्मा लावून आमच्या घरासमोरच्या मैदानात आल्या. मी दोन विटांच्या मध्ये गाडी मागे घ्यायचा सराव करत होतो. त्या काठी टेकत गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"बाजूले व्हा, लागेल," मी ओरडलो.

"मले दिसते आता. तुम्ही या. या. या... बस."

"अजून वीतभर जागा आहे, आई."

"तुमाले दिसून राहिली की मले?"

मी ब्रेक दाबला. उतरून पाहिलं नाही.